आजीची इरकल लुगडी, वडिलांचे सदरे आणि जुना पांगुळगाडा: वर्षाच्या भाचीसाठी यांतून काय करता येईल?

इचलकरंजीची मावशी

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी येत्या मार्गशीर्षात एक वर्षाची होईल. तिच्या वाढदिवसाला दुकानातले खेळणे न नेता घरात जपून ठेवलेल्या वस्तूंतून स्वतःच्या हाताने काही करून द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

हाताशी काय आहे ते आधी सांगते. आजीची दोन सुती इरकल लुगडी ट्रंकेत आहेत. अंग गडद हिरवे, काठ तांबडे आणि पदर तांबड्या-पांढऱ्या रेशमी विणीचा. वडिलांचे चार-पाच सुती सदरे आहेत, त्यांपैकी काहींच्या कॉलरी झिजल्या आहेत, बाकीचे कापड चांगले आहे. जुन्या पडद्यांच्या लाकडी कड्या आहेत, त्यांना कधीच रंग दिलेला नाही. आणि ज्याला धरून आम्ही दोघी बहिणी चालायला शिकलो, तो पांगुळगाडा माळ्यावर आहे. त्याच्यावर तांबड्या-पिवळ्या ऑइलपेंटचे थरावर थर आहेत, मात्र लाकूड आणि चाके अजून मजबूत दिसतात. त्याला नवा रंग देऊन तोही न्यावा असे मनात आहे.

भाची आता धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. तिला चार वर्षांचा भाऊ आहे. बहिणीचे पुण्यातले घर लहान आहे आणि शोकेसमध्ये ठेवण्याची वस्तू आणू नकोस, असे तिने स्पष्ट सांगितले आहे. मला हाताची शिवण बऱ्यापैकी येते आणि घरी शिलाई मशीन आहे. आईचे म्हणणे असे की लुगड्यांचे दुपटे शिवावे. मला मात्र कापडी पुस्तक करावेसे वाटते. यातले काय करावे, कसे करावे आणि काय टाळावे, हे कृपया सांगावे.

धावदोरा

आपला विचार फार आवडला. मी बरीच वर्षे जुन्या कापडाच्या गोधड्या शिवते, त्यामुळे कापडाबद्दल खात्रीने सांगू शकेन.

लुगडी ट्रंकेत होती, म्हणजे त्यांच्यासोबत डांबराच्या गोळ्याही असण्याचा संभव आहे. तसे असेल तर कात्री हाती घेण्याआधी त्यांचा वास पूर्ण घालवणे हे पहिले काम समजावे. या गोळ्यांतले नॅफ्थलिन लहान बाळांना बाधते, आणि ज्या बाळांमध्ये जी-६-पी-डी नावाचे विकर जन्मतः कमी असते त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. बाळात ही उणीव आहे की नाही हे घरात बहुधा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून लुगडी गरम पाण्यात साबणाने धुवावीत, वाऱ्यावर आणि उन्हात घडी न घालता पसरून ठेवावीत, आणि काही दिवसांनी नाकाजवळ धरून पाहावीत. वास शिल्लक असेल तर तीच कृती पुन्हा करावी. इतके करूनही वास राहिला, तर ते कापड बाळासाठी वापरू नये.

नंतर कापड तपासावे. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, निऱ्यांची खालची कड घासली जाते, आणि आतला खोचलेला पट्टा पुष्कळदा नव्यासारखा राहतो. कापड खिडकीशी उजेडात धरावे, म्हणजे विरळ झालेले पट्टे लगेच दिसतात. जिथे शंका वाटेल तिथे दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड आधी उभे, मग आडवे ताणावे. बारीक 'चर्र' असा आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली, तर तो तुकडा फक्त गोधडीच्या आतल्या थरात घालावा. घडीच्या रेषेवर वर्षानुवर्षे दुमड पडलेली असते, तिथे विशेष लक्ष द्यावे.

तिसरी गोष्ट रंगाची. पांढरा रुमाल ओला करून काठावर आणि पदरावर जोर देऊन घासावा. रुमालाला तांबडा डाग लागला, तर तो रंग बाळाच्या तोंडात जाणार हे उघड आहे. मीठ-तुरटीच्या पाण्याने जुना रंग पक्का होईल, या आशेवर राहू नये. इरकलच्या पदरातले रेशमी धागे कापडाच्या अंगावर मोकळे तरंगतात आणि लहान बोटे त्यांत अडकतात, म्हणून रंग पक्का निघाला तरी पदर बाळाच्या वस्तूला लावू नये, असे माझे मत आहे. पदर बहिणीला द्यावा; तिच्या आजीची ती खूण तिच्याकडे राहील.

दुपटे की पुस्तक, या प्रश्नावर मी दोन्ही म्हणेन, पण दुपट्याऐवजी जमिनीवर अंथरायची लहान वाकळ करावी. पुण्याच्या फरशीवर बसणाऱ्या, रांगणाऱ्या आणि धपकन बसणाऱ्या मुलीला तिचा रोज उपयोग होईल. लुगड्याचा पन्हा वापरून सुमारे सव्वा मीटर लांब-रुंद चौकोन घ्यावा. वर आणि खाली चांगले कापड, मध्ये विरलेल्या भागांचे दोन-तीन थर. सगळे थर फरशीवर ताणून पसरावेत, मधून कडांकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि मोठ्या टाक्यांनी कच्चे टाचून घ्यावेत. कच्च्या टाचणीचा कंटाळा केला, तर आतले थर सरकतात आणि धुतल्यावर गोळा होतात. मग कडा आत दुमडून बाहेरून आत चौकोनाच्या ओळींनी धावदोरा घालत यावे. दोन ओळींमधले अंतर बोटभर असावे. दोरा सुती घ्यावा, कारण नायलॉनचा दोरा जुन्या मऊ कापडाला कालांतराने कापतो.

पुस्तकासाठी वडिलांचे सदरे उत्तम आहेत. पान एक वीतभर लांब-रुंद पुरते, आणि दोन कापडांच्या मध्ये जुन्या टॉवेलचा थर घातला की पानाला अंग येते. सदऱ्यातले जे भाग शिंप्याने आधीच नीट शिवलेले आहेत, ते उसवून टाकू नयेत. त्यांतच खरी गंमत आहे. छातीचा खिसा मागच्या कापडासकट कापून पानावर बसवावा. त्यात कापडाचा मासा लपवता येतो आणि बाहेर काढता येतो. बाहीचा कफ, त्याचे बटण काढून, एका बाजूने पानाला शिवला की दार तयार होते. दाराआड मांजराचे तोंड साखळी टाक्याने भरावे. न झिजलेली कॉलर उलटी लावली की घराचे छप्पर दिसते. या वयाच्या मुलीला उघडणे, झाकणे, आत घालणे आणि बाहेर काढणे यांचे अतोनात वेड असते, म्हणून चित्रांच्या सुबकतेपेक्षा या हालचालींवर आपला वेळ खर्च करावा. चार पाने पुरेत. पाने मधोमध एकत्र धरून दुहेरी दोऱ्याने उलटा टाका घालावा आणि तीच शिवण आणखी एकदा पक्की करावी.

आतून आवाज यावा म्हणून पानात बिस्किटांच्या पुड्याचा कागद घालण्याची पद्धत आहे. आपल्याला हवे असल्यास एका पानात घालून पाहावा.

खेळणी_तपासनीस

मी खेळण्यांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. धावदोरा यांनी डांबरगोळ्यांचा मुद्दा सांगितला हे फार महत्त्वाचे झाले, कारण तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात मला काही भर घालायची आहे आणि एका ठिकाणी माझा मतभेद आहे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे, आणि त्यामागचे मानक आयएस ९८७३ हे आहे. मावशी भाचीला स्वतः शिवून देणार आहेत, त्यांना चिन्हाची गरज नाही. पण त्या मानकामागचा विचार घरच्या शिवणकामालाही तितकाच लागू पडतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आम्ही एक लहान नळकांडे वापरतो. त्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो आणि तळ तिरपा असल्यामुळे खोली एका बाजूला २५, तर दुसऱ्या बाजूला ५७ मिलिमीटर असते. जी वस्तू किंवा खेळण्यातून सुटून आलेला जो भाग न दाबता त्या नळकांड्यात पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरले जाते. म्हणून सदऱ्याची बटणे या पुस्तकात कोठेही नसावीत, कितीही घट्ट शिवली तरी नसावीत, कारण दोरा चावून, ओला होऊन आणि धुऊन झिजतो. मण्यांचे डोळे, टिकल्या आणि घुंगरूही नकोत. डोळे दोऱ्याने भरावेत.

कापडी मासा पुस्तकाला बांधायचा असेल, तर पट्टी वितीपेक्षा बरीच आखूड ठेवावी, म्हणजे ती गळ्याभोवती फिरणार नाही. तिचे फास तयार होईल असे वेटोळेही ठेवू नये. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. शिवणीच्या आतल्या बाजूला दोऱ्यांची लांब टोके राहिली आणि शिवण थोडी उसवली, तर तो दोरा बाळाच्या बोटाला करकचून गुंडाळला जातो आणि बोट सुजेपर्यंत घरच्यांना कळत नाही. टोके आखूड कापावीत आणि कापडाच्या कच्च्या कडा आत बंद कराव्यात.

माझा मतभेद आहे तो बिस्किटांच्या पुड्याच्या कागदाबद्दल. तो कागद प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. पुस्तक वारंवार धुतले की आत त्याचे तुकडे होतात, आणि शिवण सुटली की तोच पापुद्रा ओल्या तोंडाला आणि नाकाला चिकटतो. वर्षाच्या बाळासाठी तो घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच कारणाने मोहरी, राजमा किंवा तांदूळ भरलेले काहीही देऊ नये. शिवण उसवली तर दाणे नाकात-कानात जातात आणि ओलसर जागी फुगतात.

पडद्याच्या कड्या मला फार उपयोगी वाटतात. बाहेरचा व्यास पाच सेंटिमीटरहून अधिक असेल, पडदा अडकवण्याचा लोखंडी आकडा काढून टाकला असेल आणि लाकडाला तडा नसेल, तर कड्यांवर लुगड्याच्या पक्क्या रंगाच्या पट्ट्या गुंडाळून टोके शिवून टाकावीत. सोबत रुंद तोंडाचा स्टीलचा डबा द्यावा. कडी डब्यात टाकली की होणारा आवाज बाळाला पुरेसा असतो.

वाकळीबद्दल एवढेच सांगतो की ती खेळण्यासाठीच ठेवावी. वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरुणे, उशा आणि मऊ खेळणी ठेवू नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, आणि कापडी पुस्तकही रात्री बाळाजवळून उचलून ठेवावे.

पांगुळगाड्याच्या रंगाची मला काळजी वाटते. लाकडाचे जाणकार त्यावर अधिक सांगतील.

रंधा-पटाशी

पांगुळगाड्याला नवा रंग देऊ नये, आणि जुना रंग घासूनही काढू नये, असे मी आरंभीच सांगतो.

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या गाड्यावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि तांबड्या-पिवळ्या ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे घालण्याची पद्धत सर्रास होती. नवीन रंगाने ते झाकले जाईल असे वाटते, पण बाळ उभे राहिले की त्याचे दात नेमके दांडीवर येतात, आणि टवका उडतो तो सगळ्या थरांसकट. पॉलिशपेपरने घासले तर शिसे असलेली धूळ घरभर पसरते, जी टवक्यापेक्षाही वाईट, आणि आपल्या घरात कोणी लहान मूल नसले तरी ती आपल्या स्वतःच्या श्वासात जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण लहान मुलासाठी निर्धोक मानले जात नाही.

मग त्या गाड्याचा उपयोग काय, तर तो मापाचा नमुना म्हणून अमोल आहे. आपल्या भागात मोडक्या सागवानी पलंगाच्या किंवा जुन्या दाराच्या चौकटीच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. रंग न दिलेल्या फळ्या निवडाव्यात आणि सुताराकडून त्याच मापाचा गाडा करून घ्यावा. सुताराला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

पहिली म्हणजे दांडीची जागा. बाळ दांडीला लटकून उभे राहते, तेव्हा त्याचे वजन खाली आणि मागे ओढते. दांडी मागच्या चाकांच्या आसाच्या पलीकडे, बाळाच्या बाजूला झुकलेली असेल, तर गाडा बाळाच्या अंगावर उलटतो. ती आसाच्या थोडी पुढेच असावी, आणि पुढच्या चाकाजवळ जुन्या पाटाचा जाड तुकडा स्क्रूने बसवून तिथे वजन वाढवावे. दुसरी गोष्ट चाकांची. जुने पांगुळगाडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालण्यासाठी केलेले असत, तिथे चाकाला आपोआप अटकाव होई. गुळगुळीत टाइल्सवर तोच गाडा बाळाच्या पायांपेक्षा वेगाने पुढे पळतो आणि बाळ तोंडावर पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबची चाकाच्या जाडीएवढी गोल कडी कापून, साबणाने स्वच्छ धुऊन ती चाकावर ताणून चढवली की पकड येते. ती ताणानेच घट्ट बसते, चुका मारू नयेत. चाके आसावर किंचित घट्ट ठेवली तरी वेग कमी होतो. तिसरी गोष्ट म्हणजे सगळ्या कडा गोल करून घेणे आणि चाक व चौकट यांच्यामध्ये बाळाचे बोट शिरेल एवढी फट न ठेवणे.

लाकडाला रंग देण्याची गरज नाही. घाण्याचे खाण्याचे जवस तेल पातळ हाताने लावून, जादा तेल पुसून सुकू द्यावे. ते सावकाश सुकते, म्हणून वाढदिवसाच्या बऱ्याच आधी लावावे. तेलाची फडकी मात्र चुरगळून एका जागी टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

खेळणी_तपासनीस

रंधा-पटाशी यांच्याशी पूर्ण सहमत. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो की पांगुळगाडा वेगळा आणि बाळाला मध्ये बसवून पाय लोंबकळत ठेवणारा चाकांचा वॉकर वेगळा. दुसऱ्या प्रकारात बाळ पायऱ्यांवरून गडगडते, गरम वस्तूंपर्यंत पोहोचते. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. तरीही मोठे माणूस शेजारी हवेच, आणि जिन्याजवळ तो नेऊ नये.

इचलकरंजीची मावशी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. लुगड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास आहेच, त्यामुळे आजच ती भिजत घातली. गाडा रंगवायचा विचार सोडून दिला. सुताराकडे नमुना घेऊन जाईन, आणि वेळेत न जमल्यास गाडा नंतर देईन.

दोन शंका उरल्या आहेत. मोठ्या भावाला त्या दिवशी आपण विसरलो गेलो असे वाटू नये, म्हणून त्याच्यासाठी काही छोटे करता येईल का? आणि वडिलांच्या सदऱ्याची काज-बटणांची पट्टी इतकी सुरेख आहे की ती वाया घालवणे जिवावर येते. तिचे काय करावे?

कागदवाला

चार वर्षांच्या मुलासाठी टाकाऊतून टिकाऊ करायचे असेल, तर पुण्यातल्या घरात अरविंद गुप्ता यांची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, होते. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे काड्या, कागद, सायकलची वॉल्व्ह ट्यूब अशा वस्तूंतून मुलांना विज्ञान शिकवू लागले. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांची मोठी खूण अशी की ती करताना मूल प्रेक्षक राहत नाही.

त्यातला उडता मासा चार वर्षांच्या मुलाला नक्की जमेल. वर्तमानपत्राची दोन सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर लांब पट्टी घ्यावी. एका टोकाजवळ खालच्या कडेपासून आणि दुसऱ्या टोकाजवळ वरच्या कडेपासून पट्टीच्या निम्म्या रुंदीपर्यंत चीर द्यावी, आणि दोन्ही चिरा एकमेकींत अडकवाव्यात. शेपटीचा मासा तयार होतो. उंचावरून सोडला की तो गरगरत खाली येतो. कात्री मोठ्यांनी चालवावी, चिरा अडकवण्याचे काम त्याचे. आपण तयार मासा न नेता पट्ट्यांचा गठ्ठा न्यावा आणि वाढदिवसाच्या सकाळी त्याला शेजारी बसवून घ्यावे. पट्ट्या मात्र त्याच्याच ताब्यात, बहिणीच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर राहू द्याव्यात, कारण ती कागद चघळणार.

धावदोरा

बिस्किटांच्या कागदाबद्दलची हरकत मला पटली. तो घालू नये.

काज-बटणांची पट्टी आत्ता पुस्तकात घालता येत नाही, पण ती टाकूनही देऊ नये. मूल तीन-चार वर्षांचे झाले की स्वतः बटण लावण्याची त्याची धडपड सुरू होते, आणि सदऱ्याची पट्टी त्यासाठी हवी तशीच असते: काज मोठे, बटण सपाट, कापड मऊ. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे कापड ठेवून ती अखंड कापावी, कडा दुमडून शिवाव्यात, बटणे काढून दुहेरी दोऱ्याने नव्याने लावावीत आणि पुस्तकाच्या पानाएवढे स्वतंत्र पान तयार करावे. ते भावाला देऊ नये, लहान घरात ते दुपारपर्यंत बहिणीच्या तोंडात जाईल. आपल्या बहिणीच्या हाती द्यावे आणि कपाटात ठेवायला सांगावे. पुस्तकाची मधली शिवण घालताना मागच्या मुखपृष्ठाला आतून दोन बोटे रुंदीची जादा पट्टी शिवून, दुमडून ठेवावी. दोन वर्षांनी ते पान त्याच पट्टीला जोडता येईल, बाकीची शिवण उसवावी लागणार नाही.

लुगडी सुकली की काठाचा रंग ओल्या रुमालाने तपासून इथे कळवा. तांबडा उतरत असेल तर वाकळीचा काठ कशाचा करावा ते पाहू; सदऱ्यांपैकी चौकडीचा एखादा असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा.